मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातील नेतृत्वबदल आणि पालघर जिल्हा

भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) अर्थात माकप या पक्षात सप्टेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात राष्ट्रीय पातळीवर नेतृत्वबदल झाला. सरचिटणीस सीताराम येचुरी यांचे १२ सप्टेंबर २०२४ रोजी दिल्लीत निधन झाले. पदावर असताना निधन झालेले ते पक्षाचे पहिले सरचिटणीस होत. त्यानंतर प्रकाश करात यांनी समन्वयक म्हणून काम पाहिले आणि एप्रिल २०२५ मध्ये मदुराई येथील चोविसाव्या अधिवेशनात एम. ए. बेबी यांची सरचिटणीसपदी निवड झाली. महाराष्ट्राच्या दृष्टीने या बदलाला वेगळे महत्त्व आहे. राज्याच्या विधानसभेत पक्षाचा एकच आमदार असून तो पालघर जिल्ह्यातील डहाणू मतदारसंघातून निवडून येतो; तरीही नव्या पॉलिट ब्यूरोत महाराष्ट्रात काम केलेले दोन सदस्य आहेत.

== पार्श्वभूमी ==

आजच्या पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४; त्यापूर्वी ठाणे जिल्ह्याचा भाग) पक्षाची मुळे पक्षाच्या स्थापनेहून जुनी आहेत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांनी उंबरगाव व डहाणू भागातील वारली आदिवासींमध्ये काम सुरू केले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे झालेल्या सभेत वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ची मुक्तता हा या चळवळीचा पहिला मोठा परिणाम होय. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी, पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये या दराची मागणी करून, संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले.

गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याचा वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला असून त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष दुभंगल्यावर परुळेकर दांपत्य मार्क्सवादी पक्षात गेले आणि त्यांच्यासोबत या पट्ट्यातील संघटनाही गेली. शामराव परुळेकर यांचे १९६५ मध्ये स्थानबद्धतेत निधन झाले. गोदावरीबाई १९९६ पर्यंत हयात होत्या. पक्षाचा येथील टिकाव केवळ निवडणुकांवर अवलंबून राहिला नाही. आदिवासी प्रगती मंडळाच्या शिक्षणसंस्था, किसान सभा आणि जनवादी महिला संघटना यांचे जाळे हे त्यामागील महत्त्वाचे कारण आहे.

राज्यातील संख्याबळाचा उतार मात्र स्पष्ट दिसतो. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून पक्षाचे तीन खासदार निवडून आले: मुंबईतून अहिल्या रांगणेकर, डहाणूतून लहानू कोम आणि बीडमधून गंगाधर अप्पा बुरांडे. १९७८ मध्ये विधानसभेत पक्षाचे नऊ आमदार होते. २००४ मध्ये ही संख्या तीनवर आली आणि २००९ पासूनच्या प्रत्येक निवडणुकीत ती एक राहिली आहे. मुंबईतील कामगारवस्त्यांमधील आधार गिरण्या बंद पडल्यावर ओसरला. सुरगाणा (जि. नाशिक) येथून अनेक वेळा निवडून आलेले जे. पी. गावीत यांचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत कळवणमध्ये विलीन झाला. तेथून ते २०१४ मध्ये विजयी झाले, पण २०१९ व २०२४ मध्ये पराभूत झाले.

== मदुराई अधिवेशन ==

पक्षाच्या घटनेनुसार सरचिटणीसाला तीन पूर्ण कार्यकाळांहून अधिक काळ पदावर राहता येत नाही. येचुरी यांचा तिसरा कार्यकाळ मदुराई अधिवेशनात संपणारच होता. त्यामुळे नेतृत्वबदल अनपेक्षित नव्हता. अनपेक्षित होती ती त्याची वेळ. उत्तराधिकारी ठरविण्याची जी प्रक्रिया येचुरींच्या उपस्थितीत व्हायची, ती त्यांच्याशिवाय झाली.

केंद्रीय समितीसाठी ७५ वर्षांची वयोमर्यादा याआधीच लागू झाली होती. तिच्यामुळे प्रकाश करात, वृंदा करात, माणिक सरकार, सुभाषिनी अली, सूर्यकांत मिश्रा आणि जी. रामकृष्णन हे एकाच वेळी पॉलिट ब्यूरोतून बाहेर पडले. केरळचे तत्कालीन मुख्यमंत्री पिनराई विजयन यांना अपवाद करण्यात आला. हा अपवाद पक्षातील सत्तेचा तोल कोठे आहे, हे नियमापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगतो. त्या वेळी पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकार केवळ केरळमध्ये होते. पश्चिम बंगालमधील ३४ वर्षांची सत्ता २०११ मध्ये व त्रिपुरातील सत्ता २०१८ मध्ये गेली होती. लोकसभेत २००४ मध्ये ४३ जागा मिळविणाऱ्या पक्षाला २०२४ मध्ये चार जागा मिळाल्या.

एम. ए. बेबी हे केरळचे माजी शिक्षणमंत्री व राज्यसभेचे माजी सदस्य असून, ई. एम. एस. नंबूदिरीपाद यांच्यानंतर केरळच्या संघटनेतून सरचिटणीस झालेले ते दुसरे नेते आहेत. निवडीपूर्वी अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष अशोक ढवळे यांचेही नाव चर्चेत असल्याचे वृत्त अनेक माध्यमांनी दिले होते. बंगालमधील काही सदस्यांचा कल त्यांच्याकडे असल्याचे त्यात म्हटले होते. सत्ता नसलेल्या, जवळजवळ आमदार नसलेल्या राज्यातील नेत्याचे नाव या पदासाठी घेतले जावे, यामागे एकच कारण संभवते: मार्च २०१८ मधील नाशिक–मुंबई ‘लाँग मार्च’ आणि त्यानंतर दिल्लीच्या सीमांवरील २०२०–२१ चे शेतकरी आंदोलन यांतून किसान सभेला मिळालेले स्थान.

अठरा सदस्यांच्या नव्या पॉलिट ब्यूरोत अशोक ढवळे कायम राहिले आणि मरियम ढवळे यांचा नव्याने समावेश झाला. मरियम ढवळे २०१६ मध्ये अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या सरचिटणीस झाल्या होत्या. त्यापूर्वी त्यांनी ठाणे–पालघरच्या आदिवासी पट्ट्यात दीर्घकाळ काम केले होते.

अधिवेशनाचा शेवट मात्र एकमताने झाला नाही, आणि त्याचाही संबंध महाराष्ट्राशी आहे. सिटू या कामगार संघटनेचे नाशिकचे नेते डॉ. डी. एल. कराड यांनी अधिकृत यादीबाहेरून केंद्रीय समितीची निवडणूक लढविली. त्यांना ३१ मते मिळाली व ते पराभूत झाले. माकपमध्ये अशा निवडणुका क्वचितच होतात. मतांची संख्या लहान असली, तरी शेतकरी आघाडीचे वजन वाढत असताना कामगार आघाडीला पुरेसे प्रतिनिधित्व मिळते का, हा प्रश्न त्यातून उघडपणे पुढे आला. ‘कामगारवर्गाचा पक्ष’ म्हणवणाऱ्या संघटनेत हा प्रश्न गौण मानता येत नाही.

राज्य पातळीवर २०२५ मध्येच उदय नारकर यांच्यानंतर डॉ. अजित नवले राज्य सचिव झाले. अकोले (जि. अहिल्यानगर) येथील नवले हे किसान सभेतून पुढे आले. जून २०१७ च्या शेतकरी संपात तत्कालीन मुख्यमंत्र्यांबरोबरच्या बैठकीतून बाहेर पडल्याने ते राज्यभर परिचित झाले.

== डहाणूचा अपवाद ==

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पालघर जिल्ह्यातील सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. उरलेली एक जागा डहाणूची. तेथे माकपचे विनोद निकोले भाजपच्या उमेदवाराचा सुमारे पाच हजार मतांनी पराभव करून दुसऱ्यांदा निवडून आले. २०१९ मधील त्यांचे मताधिक्यही पाच हजारांच्या आतच होते. दोन्ही वेळा काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस (नंतर महाविकास आघाडी) यांचा पाठिंबा होता. म्हणजेच जो एकमेव बालेकिल्ला उरला आहे, तो पक्षाला एकट्याच्या बळावर राखता येईलच असे नाही.

याउलट अनुभव सोलापूरचा आहे. तेथे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या प्रयत्नांतून असंघटित कामगारांसाठी कुंभारी येथे ‘रे नगर’ ही ३० हजार घरांची वसाहत आकारास आली. तिच्या पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी विधानसभेत सोलापूर शहर मध्य मतदारसंघात काँग्रेसनेही उमेदवार उभा केला आणि आडम पराभूत झाले. हक्काचे घर मिळवून देणारी संघटना आणि मत मिळविणारा पक्ष यांत अंतर पडू शकते, हे या निकालातून दिसते. २०१८ च्या पालघर लोकसभा पोटनिवडणुकीतही असेच घडले होते. लाँग मार्चला अवघे अडीच महिने झाले असताना पक्षाच्या उमेदवाराला सुमारे ७१ हजार मते मिळाली व तो चौथ्या क्रमांकावर राहिला.

डहाणू–तलासरी पट्ट्यात दोन प्रश्न पक्षाच्या भवितव्याशी थेट जोडलेले आहेत. पहिला वनाधिकार कायद्याखालील (२००६) दाव्यांचा. कसत असलेली जमीन नावावर होणे ही मागणी १९४५ च्या लढ्याची थेट वारस आहे आणि २०१८ व २०२३ या दोन्ही लाँग मार्चमध्ये ती अग्रस्थानी होती. दुसरा वाढवण बंदराचा. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली; मच्छीमारांच्या संघटनांबरोबर माकपनेही त्याला विरोध केला आहे. येथे पक्षाला आपल्या जुन्या आधारापलीकडे, किनाऱ्यावरील समाजांपर्यंत जाण्याची संधी आहे. बंदर रोजगार देईल असे मानणारा तरुण मतदारही याच भागात आहे, ही तिची दुसरी बाजू.

== दक्षिणेकडील मर्यादा ==

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला चित्र पूर्णपणे बदलते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे ३० लाख लोकसंख्येपैकी १२ लाखांहून अधिक लोक एकट्या वसई-विरार शहरात होते. तलासरी तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास होती. अर्नाळा, राजोडी, कळंब अशा किनाऱ्यालगतच्या गावांत शेती, बागायत, मासेमारी आणि अलीकडे पर्यटन ही उपजीविकेची साधने आहेत, तर रेल्वेमार्गालगत नोकरीसाठी मुंबईला जाणाऱ्यांची दाट वस्ती आहे. या भागात डाव्या राजकारणाची परंपरा होती, पण ती कम्युनिस्ट नव्हे, तर समाजवादी वळणाची. वसईच्या पूर्वेकडील आदिवासींमध्ये वेठबिगारीविरुद्ध काम उभारणारे विवेक पंडित यांची श्रमजीवी संघटना हे तिचे ठळक उदाहरण. गावे महापालिकेत घालण्याच्या विरोधातील आंदोलनानंतर पंडित २००९ मध्ये वसईतून अपक्ष आमदार झाले. २०२४ मध्ये याच मतदारसंघातून त्यांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित भाजपतर्फे निवडून आल्या.

दीर्घकाळ या शहरी पट्ट्यावर हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीचे वर्चस्व राहिले. पाणी, लोकल गाड्यांतील गर्दी, अनधिकृत बांधकामे, औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगार हे प्रश्न डाव्या पक्षांच्या परिचयाचे आहेत. ते हाताळणारी संघटना मात्र माकपने येथे उभी केलेली नाही. राजोडी आणि तलासरी एकाच जिल्ह्यात असली, तरी पक्षाच्या नकाशावर त्यांच्यातील अंतर किलोमीटरांत मोजता येणार नाही.

== इतर पक्षांशी तुलना ==

नेतृत्वबदलाचे संकट डाव्यांमध्ये सार्वत्रिक आहे. शेतकरी कामगार पक्षात गणपतराव देशमुख यांच्या निधनानंतर (२०२१) रायगडमधील पाटील कुटुंबातील मतभेद उघड झाले आणि काही सदस्य २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. स्पेनमध्ये २०१४ साली स्थापन झालेल्या पोदेमोस पक्षाची ओळख पाब्लो इग्लेसियास यांच्याशी इतकी जोडली गेली होती, की २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिल्यावर नव्या नेत्या इओने बेलारा यांना पक्षाचा आधार टिकविता आला नाही. योलांदा दियास यांच्या ‘सुमार’ आघाडीबरोबर लढून निवडून आलेले पोदेमोसचे पाच खासदार डिसेंबर २०२३ मध्ये तिच्यातून बाहेर पडले आणि दियास यांनीही २०२४ मध्ये आघाडीचे नेतृत्व सोडले.

माकपची अडचण नेमकी उलट प्रकारची आहे. येथे संघटना नेत्यापेक्षा मोठी आहे, त्यामुळे येचुरींच्या निधनानंतर पक्ष फुटला नाही. मात्र तीच शिस्त नव्या चेहऱ्यांना वर येण्यास विलंब लावते. पक्षाच्या स्थापनेनंतर पहिला दलित सदस्य पॉलिट ब्यूरोत येण्यास २०२२ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रात पक्षाचा निवडून येणारा आधार आठ दशके आदिवासी राहिला आहे. पॉलिट ब्यूरोत गेलेले राज्यातील दोन्ही सदस्य त्या समाजातील नाहीत.

पक्षाचे अधिवेशन साधारणतः दर तीन वर्षांनी होते. पुढचे अधिवेशन २०२८ मध्ये झाल्यास, वयोमर्यादा कायम राहिली तर १९५२ मध्ये जन्मलेले अशोक ढवळे तिच्या कक्षेत येतील. डहाणूची पुढील विधानसभा निवडणूक त्यानंतर, २०२९ मध्ये अपेक्षित आहे.