हॉकिंगचं रील आता पुरे

दर काही महिन्यांनी फोनवर ते रील येतंच. व्हीलचेअरमधले स्टीफन हॉकिंग, मागे पियानो आणि वर ठळक अक्षरांत 'इच्छाशक्ती'. मला त्याची चीड येते. 1985 मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत हॉकिंग यांचा आवाज गेला. नंतर जगाने ऐकला तो यंत्राचा आवाज डेनिस क्लॅट या संशोधकाने स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. म्हणजे इच्छाशक्तीला बोलतं करायला इंजिनिअर लागला. आणि ती बोलली इंग्रजीत.

मोटर न्यूरॉन आजारात जीभ, ओठ, टाळू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बहुतेकांच्या डोक्यात शब्द शाबूत असतात, तोंडात मात्र लुळे पडतात. मऊ टाळू उचलला गेला नाही की हवा नाकातून निसटते आणि 'ब'चा 'म' होतो. माणूस 'बाबा' म्हणतो, ऐकू 'मामा' येतं. 'ळ' आणि 'ढ'साठी जीभ मागे वळेनाशी होते. समोरच्याला वाटतं, पिऊन आलाय. नाहीतर तो मोठ्याने, लहान पोराशी बोलावं तसं बोलू लागतो. (बहिरेपणाचा इथे काय संबंध, देव जाणे.)

आवाज जायच्या आधी वाक्यं रेकॉर्ड करून त्यावरून संगणकात तोच आवाज घडवता येतो. ॲपलने 2023 मध्ये ही सोय थेट फोनमध्ये दिली, तेव्हा भाषा एकच होती: इंग्रजी. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी होते.

यावर आमच्या धंद्यात एक सभ्य उत्तर असतं: 'एज केस आहे.' पण कर्जाचा हप्ता चुकू द्या, बॉट लगेच गोड मराठीत फोन करतो. त्याच्यासाठी डेटा, मॉडेल, डेडलाइन, सगळं मिळतं.

'मराठी टेक्स्ट-टू-स्पीच आहे की!' आहे ना, बातम्या वाचणारं. कणकवलीच्या आजीने नातवाला त्या आवाजात ओरडायचं? आणि टाइप कसं करायचं? डोळ्यांनी एकेक अक्षर निवडणाऱ्याला 'स्त्री' लिहायला स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई अशा सहा निवडी कराव्या लागतात. जोडाक्षरांचा विचार करून कीबोर्ड बनवणं रॉकेट सायन्स नाही. कुणीतरी ते स्प्रिंटमध्ये घ्यायला हवं, एवढंच.

घरात हे निदान झालं असेल, तर ॲपची वाट बघू नका. जीभ जड व्हायच्या आत, शांत खोलीत, साध्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. छापील वाक्यं घ्याच, पण त्यांची स्वतःची बोली, शिव्या, हाका, 'मेल्या, जेवलास का?' हेही घ्या.