आभाळातले ओहोळ



नागलीची कापणी पाहायला गेलो आणि मोखाड्याच्या एका पाड्यावर मुक्काम पडला. रात्री अंगणात बसलो होतो. वर चांदण्यांचा सडा. घरातली सातवीतली मुलगी म्हणाली, "साहेब, आवणीला आपण ओळ धरतो. चांदण्या मात्र फोकून पेरल्यासारख्या दिसतात."

मी म्हटले, "पोरी, फार लांबवर पाहिले तर तिथेही ओळ आहे."

आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे ती आकाशगंगा. अशा शेकडो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या असतात, त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. हे समूह बहुधा काकडीसारखे लांबट असतात. शेजारचे समूह आपली लांबट टोके एकमेकांकडे करून असतात, असे १९८२ साली ब्रूनो बिंगेली या स्विस शास्त्रज्ञाने दाखवले. मधले अंतर काही कोटी प्रकाशवर्षांचे. आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर!

त्यांना कोण वळवते? जव्हारचा डोंगरउतार आठवा. पाऊस सगळीकडे पडतो, पण पाणी ओहोळ धरते आणि ओहोळ मिळतात तिथे डोह होतो. विश्वातही पदार्थ आरंभी कुठे किंचित दाट, कुठे विरळ होता. दाट जागेने आणखी ओढून घेतला. त्याचे लांबच लांब धागे झाले. धागे मिळाले तिथे समूह जमले. ज्या धाग्याने माल येऊन पडतो, त्या अंगाला समूह लांबतो. दोन शेजारी एकाच धाग्यावर, म्हणून टोके समोरासमोर.

पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली असा एक महासमूह जाहीर केला. नाव ठेवले 'सरस्वती'. मीन राशीच्या दिशेला, ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर, ६० कोटी प्रकाशवर्षे लांब. त्यात किमान ४३ समूह. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

मुलीचा बाप म्हणाला, "म्हणजे आमची ओळपण वरच आखलेली. दिवाळी झाली की वीटभट्टी. हिची शाळा तिथेच थांबायची."

"नाही दादा," मी म्हटले, "त्या समूहांना आपल्या पाड्याची खबरही नाही. पाणी उताराने जाते हे खरे, पण बांध घातला की थांबते. हे तुम्हीच मला शेतात दाखवलेत."

तो गप्प राहिला. आतून आजी म्हणाली, "पोर माझ्यापाशी राहील."

मंडळी, भट्टीवर निघण्याआधी गुरुजींना भेटा. आश्रमशाळेची, हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. हा बांध आपल्या हातातला आहे.