लॉकचा रकाना

कंटेनर रस्त्यावर पडल्याची बातमी आली की सोबतचा फोटो नीट पाहावा. पुष्कळदा घोडा (ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर चाकांवर शाबूत उभे असतात. बॉक्स तेवढा शेजारी आडवा पडलेला असतो. बातमीत भरधाव वेग येतो, वळण येते, चालकाचा ताबा सुटणे येते. गाडी उभी राहिली आणि बॉक्स एकटाच खाली कसा गेला, हे मात्र कोणी विचारत नाही.

ट्रेलरच्या कोपऱ्यांवर लॉक असतात. बॉक्सच्या तळाशी, कोपऱ्यात लांबट भोक असते. लॉकचे डोके त्यातून वर येते आणि दांडा फिरवला की दाराच्या खिटीसारखे आडवे होते. 40 फुटी बॉक्सला असे चार लॉक. चारही लागलेले असतील तर बॉक्स एकटा पडत नाही, पडला तर ट्रेलरला घेऊन पडतो. म्हणजे फोटोतल्या गाडीचे लॉक तुटलेले नसतील, तर ते लावलेलेच नव्हते. 30 टनांपर्यंतचे ओझे केवळ स्वतःच्या वजनाच्या भरवशावर, लोखंडावर लोखंड, असे महामार्गावरून चालले होते. त्यात पावसाळा असेल तर विचारायलाच नको.

लॉक का लावत नाहीत, याला कारणे आहेत. क्रेनने बॉक्स उचलताना एखादा लॉक लागलेला राहिला तर ट्रेलरही सोबत वर जातो. म्हणून रांगेत असतानाच ते उघडून ठेवले जातात. गंजलेला दांडा हातोडी मारल्याशिवाय हलत नाही. आणखी एक हिशेब आहे: बॉक्स मोकळा असला तर तो जाईल, गाडी वाचेल. कमाई फेरीवर आणि गाडी दुसऱ्याची, अशा माणसाने हा हिशेब केला तर सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पण बॉक्स जातो तो शेजारच्या मोटारीवर, हेही तितकेच खरे.

न्हावा शेवा बंदर 1989 पासून चालू आहे. तिथे निर्यातीचा बॉक्स आत जातो तो फॉर्म 13 वर. त्यावर कंटेनरचा नंबर असतो, आणि नंबरातली चूक पकडता यावी म्हणून त्याचा शेवटचा आकडा मुद्दाम तपासणीसाठी ठेवलेला असतो. सीलचा नंबर असतो. वजन असते, 1 जुलै 2016 पासून वजनाच्या दाखल्याशिवाय बॉक्स जहाजावर चढत नाही. रस्त्यावर गाडी क्षमतेपेक्षा जड निघाली तर 20 हजार रुपये दंड, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार. सील तुटलेले दिसले की बॉक्स अडतो. माल चोरीला जाऊ नये, जहाज कलंडू नये, महसूल बुडू नये, या सगळ्याची काळजी कागदावर आहे. चार लॉक लागले की नाही, याला रकाना नाही.

आपल्या गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्यावर हे ट्रेलर येत नाहीत, म्हणून हा प्रश्न उरण-पनवेलचा ठरत नाही. अटल सेतू झाल्यापासून इथून गावी निघालेली मोटार समुद्र ओलांडून चिर्ल्याला उतरते, ती थेट कंटेनरच्या वाहतुकीत. जुन्या वाटेने गेले तर पळस्पे फाट्यावर तीच गाठ पडते. गणपतीत गिरगावच्या चाळींतली निम्मी बिऱ्हाडे या रस्त्याला असतात. त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी घालण्याचे परिपत्रक निघते. ते वजन पाहते आणि तारखा पाहते.

लॉक लागला आहे की नाही, हे दांड्यावरून नुसत्या डोळ्यांना दिसते. बंदराच्या आणि प्रत्येक यार्डाच्या फाटकावर एका माणसाने बॅटरी घेऊन ट्रेलरभोवती एक फेरी मारावी, रकान्यात सही करावी आणि मगच गाडी सोडावी. लॉक नादुरुस्त असेल तर त्या ट्रेलरवर बॉक्स चढवू नये. उघडायचे ते क्रेनखाली, रांगेत नव्हे. आणि पडलेल्या प्रत्येक बॉक्सच्या पंचनाम्यात लॉकची स्थिती लिहिली जावी, म्हणजे जाब नुसत्या चालकाला न विचारता ज्याने गाडी फाटकाबाहेर सोडली त्यालाही विचारता येईल.