सत्काराआधी ताळेबंद

निकाल लागले आणि प्रवेश सुरू झाले की शिरूर-दौंडच्या चौकांत फलकांची दाटी होते. गुणवंतांचे फोटो पासपोर्टाएवढे आणि संस्थेच्या प्रमुखांचे पुरुषभर उंचीचे. प्रमुखांना कुठला तरी पुरस्कार मिळालेला असतो, कुठल्या तरी समितीवर त्यांची निवड झालेली असते, नाहीतर वाढदिवस तरी असतोच. संस्थेला नॅकची श्रेणी मिळाली असेल तर ती गावजेवणासारखी जाहीर होते. या सगळ्या मजकुरात एक ओळ मात्र सापडत नाही. पाच वर्षांपूर्वी ज्या मुली या दारातून आत आल्या त्यांतल्या किती शिकून बाहेर पडल्या, किती मध्येच गळाल्या आणि गळाल्या त्या कुठे गेल्या, हे कुणी सांगत नाही. फलकासमोर उभ्या राहणाऱ्या पालकाला नेमके तेच हवे असते.

संस्थाप्रमुखाने स्वतःच्या संस्थेची बातमी देऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. द्यायलाच हवी. लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या मुलांवर चालणाऱ्या संस्थेचा तो धर्म आहे. चर्चशी जोडलेल्या शिक्षणसंस्थांत तर ही रीत मुरलेली आहे. अमेरिकेतल्या अशा विद्यापीठांचे अध्यक्ष परिसरातल्या मंडळींना, माजी विद्यार्थ्यांना आणि देणगीदारांना ठराविक काळाने पत्र लिहितात. पुण्यात औंध रस्त्यावरच्या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या स्पायसर महाविद्यालयाला 2014 मध्ये राज्याच्या कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच्याही मुळाशी ही मिशनची परंपरा आहे. पण उदाहरणासाठी पुण्यापर्यंतही जायला नको. शिरूरहून न्हावरे, पारगाव करत भीमा ओलांडली की केडगाव लागते. तिथे रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर मुक्ती मिशन आहे. पंडिता रमाबाईंनी उभारलेला हा परिसर विद्यापीठ म्हणवून घेत नव्हता. चर्च, शाळा, शेती, छापखाना आणि हजारोंचे वसतिगृह एका आवारात चालवणारी ही बाई मात्र आपल्या कामाचा हिशेब ज्या शिस्तीने देत असे, ती आज कुलगुरूंनीही शिकण्यासारखी आहे.

ही शिस्त त्यांना कामाच्या पहिल्या दिवसापासून लागली. त्या अमेरिकेत असतानाच, डिसेंबर 1887 मध्ये, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल तिचे अध्यक्ष होते. उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे पुरवायचे, एवढे नेमके वचन या मंडळींनी दिले. मुदत ठरलेली, काम ठरलेले, दरवर्षी छापील अहवाल. त्याच भरवशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सदनात प्रथम दाखल झालेल्यांत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाची आणि 1916 च्या महिला विद्यापीठाची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. त्या घरातली गृहिणी कोणाच्या शाळेत अक्षर शिकली, हे मात्र आपण सहसा सांगत नाही.

त्याच 1893 मध्ये सदनावर वादळ आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, असे सांगून शाळा उघडली होती. पण रमाबाईंच्या खोलीत चालणाऱ्या प्रार्थनेला मुली जाऊन बसतात, असा बोभाटा झाला. 'केसरी'ने तोफा डागल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली घरी नेल्या. सल्लागारांचा प्रश्न गैर नव्हता, हे आज मान्य करायला हरकत नाही. शाळेने काय कबूल केले होते आणि प्रत्यक्षात काय चालले होते, हे विचारण्याचा त्यांना हक्क होता. पण ज्या घरांनी मुली परत नेल्या त्यांतल्या कितींनी त्यांची पाटी चालू ठेवली, हा प्रश्न त्यावेळच्या अग्रलेखांनी विचारला नाही. रमाबाईंच्या बाजूने एवढे नक्की सांगता येते की, त्यांनी दार लावून प्रार्थना केली नाही आणि आपण ख्रिस्ती आहोत हेही कधी लपवले नाही. बोस्टनच्या कार्यकारी समितीच्या प्रमुख जुडिथ अँड्र्यूज स्वतः पुण्याला आल्या, त्यांनी सदन पाहिले, माणसांशी बोलल्या आणि मग पुढचे ठरले. चौकशीला तयार असणे म्हणजे काय, ते इथे दिसते. आज चौकशी समिती नेमली की पहिला अर्ज तिला स्थगिती मिळवण्याचा असतो.

केडगाव या कहाणीत आले ते जमिनीच्या निमित्ताने. परदेशी वचन दहा वर्षांचेच आहे, पुढे काय, याचा विचार करून रमाबाईंनी सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून केडगावला शेती आणि फळबागेसाठी जमीन घेतली. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. त्या मध्य प्रांतात गेल्या, रस्त्यांवर आणि दुष्काळी कामांवर पडलेल्या मुली पाहिल्या आणि तीनशे जणींना आणायचा निश्चय करून कामाला लागल्या. इकडे पुण्यात प्लेग. एवढ्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारची मनाई, तेव्हा त्या केडगावच्या रानात आल्या. तंबू, झोपड्या, मग पक्क्या इमारती. 1897 च्या मे महिन्यात रमाबाईंनी प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची कशी आबाळ होते यावर 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले आणि त्याचे पडसाद विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. म्हणजे सरकारची मेहरबानी राखण्यासाठी गप्प बसायचे, हे त्यांच्या प्रमुखपणात बसत नव्हते. दहा वर्षे संपताच, 1898 मध्ये, त्या स्वतः बोस्टनला गेल्या, समोर उभ्या राहून कामाचा हिशेब दिला आणि तिथे नव्याने अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली.

1899-1900 चा दुष्काळ गुजरातवरही कोसळला आणि केडगावची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. दोन हजार पोटांचे रोजचे धान्य, पाणी, आजारपण आणि शाळा, तेही त्या काळच्या कोरड्या माळावर! भीमेच्या आणि मुठेच्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर पाहायची सवय असलेल्या आजच्या केडगावकरांना तो माळ डोळ्यासमोर आणणे अवघड जाईल. विहिरी खणाव्या लागल्या. मुली शेतात राबल्या, मागावर बसल्या, गोठा सांभाळू लागल्या. दृष्टिहीन मुलींसाठी ब्रेल आली, ती रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अमेरिकेत शिकून आणली. वाट चुकलेल्यांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. निराधार बाईचे प्रकार किती असतात, ते या सदनांची नावे वाचत गेले की कळते.

आणि छापखाना. केडगावच्या कामात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा. खिळे जुळवायला, यंत्र चालवायला, बांधणी करायला बायका. काही वर्षांपूर्वी दुष्काळी कामावर अर्धमेल्या सापडलेल्या मुली मराठीबरोबर हिब्रू आणि ग्रीक अक्षरांचे खिळे हाताळत होत्या. कारण रमाबाईंनी बायबलचे मूळ भाषांवरून मराठी करायला घेतले होते. खेडवळ बाईला वाचून समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. नवा करार 1913 मध्ये निघाला, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये. मधल्या काळात, 1921 मध्ये, मनोरमाबाई गेल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रिते तपासून व्हावीत म्हणून त्यांनी देवाकडे आणखी थोडे दिवस मागितले आणि काम संपल्यावरच डोळे मिटले, असे सांगतात. संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिलेल्या बाईने आयुष्याची अखेरची वर्षे दौंड तालुक्यातल्या एका छापखान्यात मुद्रिते वाचण्यात घालवली. फलकावर कुठली ओळ छापायची, हे तिला सुचलेही नसते. 1919 मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले, ते चरित्रांत एका वाक्यापुरते उरते.

केडगावहून 'मुक्ती प्रेयर बेल' नावाचे पत्रक निघत असे. परदेशी हितचिंतकांना ते जाई. त्यात देवाची स्तुती भरपूर, हे खरे. तो त्या माणसांचा पिंडच होता. पण त्यासोबत कोण आले, काय पिकले, काय बांधले, कशाची निकड आहे, हेही असे. 1905 मध्ये मुक्तीत धार्मिक जागृतीची लाट आली. मुली रात्रंदिवस प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, त्यांच्या तोंडून अनोळखी बोल उमटू लागले. बाहेरच्यांनी नाके मुरडली. तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीला पोहोचली आणि तिथल्या पेन्टेकोस्टल चळवळीच्या उगमात केडगावचे नाव नोंदले गेले. या लाटेकडे श्रद्धेने पाहावे की चिकित्सेने, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्या मनात राहणारी शंका वेगळी आहे. उपाशी पोटी आलेल्या पोरक्या मुलीला धर्म निवडण्याची मोकळीक कितपत असते? ही शंका केडगावला लागू आहे आणि अनाथांना आधार देणाऱ्या प्रत्येक धर्माच्या प्रत्येक आश्रमालाही. ती विचारता येते, याचे एक कारण केडगावने मागे ठेवलेला कागद आहे. जिथे कागदच नाही तिथे शंकाही घेता येत नाही आणि कौतुकही करता येत नाही.

शिरूरकरांनी हे दौंडचे प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. घोडनदीच्या छावणीमुळे आणि पुणे-नगर रस्त्यामुळे शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे केडगावच्या कितीतरी आधी झाले. तिथे रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनी औद्योगिक शाळा चालवली आणि बांधावर वाढणाऱ्या घायपाताच्या धाग्यापासून रोजगार मिळवून देण्याची खटपट केली. शिक्षणाला हाताचे काम जोडायचे, हा धडा या भागात रांजणगाव आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत येण्याच्या शंभरेक वर्षे आधी गिरवला गेला होता.

आता आजच्या हिशेबाकडे येऊ. महाविद्यालयांनी नॅकसाठी दरवर्षी गुणवत्तेचा अहवाल भरायचा असतो. त्यात आकडे असतात. पण ते इंग्रजीत, संकेतस्थळाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात आणि समितीला खूश करण्याच्या भाषेत. न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या शेतकऱ्याने ते शोधावेत अशी कुणाची इच्छाही दिसत नाही. राज्य सरकारने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केले. या दोन तालुक्यांतल्या किती मुलींना ते मिळाले? किती जणींकडून प्रवेशाच्या वेळी दुसऱ्याच नावाखाली पैसे घेतले गेले? बारावीनंतर लग्न लागले म्हणून किती नावे पटावरून गेली? गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी मुले कोणत्या शाळेच्या पटावर असतात, की कुठल्याच नसतात? संस्था मिशनची असो, सहकारी पुढाऱ्याची असो की एखाद्या ट्रस्टची, या प्रश्नांतून कोणालाही सूट नाही. अल्पसंख्याक संस्थांना घटनेने कारभाराची स्वायत्तता दिली आहे. हिशेब न देण्याची मुभा त्यात येत नाही, हे रमाबाईंचा वारसा सांगणाऱ्यांना तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

रमाबाई बोस्टनला जाऊन उभ्या राहिल्या कारण पैसा बोस्टनचा होता. आमच्या संस्थांतला पैसा शिरूर आणि दौंडच्याच लोकांचा आहे: फीचा, देणगीचा आणि करातून गेलेल्या अनुदानाचा. तेव्हा हिशेब द्यायला समुद्र ओलांडावा लागणार नाही. प्रत्येक संस्थाप्रमुखाने वर्षातून एकदा, मराठीत, एका पानावर पाच गोष्टी सांगाव्यात: किती मुले-मुली आली, किती गळाली आणि का, किती पुढे शिकायला किंवा कामाला लागली, शुल्कमाफी किती जणींना मिळाली आणि तक्रारी किती आल्या. खाली प्रमुखांची सही. पुरस्कार मिळाला असेल तर तोही मागच्या बाजूला छापावा, आमची हरकत नाही. हे पान येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवावे आणि गावकऱ्यांनी ते वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. पहिले पान केडगावातून यावे, ही आमची अपेक्षा आहे.