पर्यायी वाटही मळलेली हवी

‘दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या आहेत, आता काळजी नाही’ हे वाक्य या आठवड्यात पुन्हा कानावर आले आणि पुन्हा तितकेच खटकले. मेनफ्रेमला, म्हणजे संस्थेच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाला, जोडणाऱ्या लिंकबद्दल या सदरात अनेकदा मांडलेले पुन्हा मांडतो: पर्यायी लिंकचे भाडे भरणे वेगळे आणि ऐनवेळी तिने भार उचलणे वेगळे. यातला सॉफ्टवेअरचा भाग केव्हाच सुटला आहे. आयबीएमच्या जुन्या एसएनए नेटवर्कमध्ये ठरलेला मार्ग तुटला की त्यावरची सेशन्स पडत आणि टर्मिनलवरच्या माणसाला पुन्हा लॉग ऑन करावे लागे. नव्वदच्या दशकात त्याचे एचपीआर हे सुधारित रूप आले. त्यात पोच न मिळालेली पॅकेट्स पाठवणारे टोक जपून ठेवते, दुसरा मार्ग शोधते, त्यावरून ती पुन्हा धाडते आणि सेशन टिकते. पण दोन्ही केबल एकाच चरातून गेल्या असतील, तर ते या सॉफ्टवेअरला दिसत नाही.

शेअर बाजारांचे दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. धडा मेनफ्रेमलाही लागू आहे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराच्या मुख्य आणि जवळच्या पर्यायी केंद्रांमधल्या दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या लिंक डळमळल्या. कंपन्यांनी सांगितलेले कारण होते वाटेतल्या रस्त्यावरचे खोदकाम. लिंक गेल्या तरी डेटा साठवणारी यंत्रणा चालू राहावी अशी रचना होती, पण तीही कोलमडली आणि दुपारआधी थांबलेले व्यवहार पावणेचारला सुरू झाले. टोकियोत 1 ऑक्टोबर 2020 रोजी उलटे घडले. एका डिस्क उपकरणाची मेमरी बिघडली, दुसरे उपकरण धडधाकट होते, पण काम आपोआप त्याच्याकडे गेलेच नाही. उपकरणाची रीत बदलली होती, पुरवठादाराच्या माहितीपुस्तिकेत मात्र जुनीच होती आणि सेटिंग त्याबरहुकूम ठेवलेले. दिवसभर व्यवहार बंद राहिले. मुंबईत दोन्ही वाटा खचल्या, टोकियोत वाट शाबूत असून फाटक उघडले नाही. दोन्हीकडे भरवसा कागदावरच्या रचनेवर होता. आणि आपल्याकडे खाली काय पुरले आहे हे न पाहता रस्ते खोदले जातात तोवर नुसत्या केबल वाढवून भागणार नाही, हे मी सांगतच राहणार.

चालू यंत्रणेची लिंक मुद्दाम तोडणे धोक्याचे, हा आक्षेप खरा आहे. लिंक जात-येत राहिली तर यंत्रणा दोन्हीकडे उड्या मारत बसेल, हीसुद्धा भीती रास्त आहे. दुसऱ्याचा उपाय सोपा आहे: पर्यायी लिंकवर आपोआप जावे, मूळ लिंकवर मात्र ती स्थिर झाल्याची खात्री करून माणसाने परतावे. पहिल्याचे उत्तर 2 मार्च 2024 च्या शनिवारी मिळाले. राष्ट्रीय शेअर बाजाराने सकाळी मुख्य केंद्रावरून आणि नंतर पर्यायी केंद्रावरून खरे व्यवहार चालवले, तेही छोट्या सत्रांत. कमी गर्दीच्या वेळी, आधी सांगून, दुरुस्तीचे पथक हजर ठेवून चूक सापडली तर ती स्वस्तात सापडते. म्हणून दोन कंपन्यांची नावे सांगणाऱ्यांकडे दोनच गोष्टी मागाव्यात: दोन्ही केबल कुठून गेल्या त्याचा नकाशा आणि पर्यायी लिंकने पूर्ण भार शेवटचा कधी वाहिला ती तारीख.