अडखळणारी जीभ, गाजलेला आवाज

हिंदी 'बाहुबली' पाहिलाय? पडद्यावर दिसतो तो प्रभास, पण कानावर पडतो तो आवाज एका केळकराचा!

शरद केळकर हा ग्वाल्हेरच्या मराठी घरातला. जन्म १९७६ चा. शिक्षण शारीरिक शिक्षणाचं, तेही गावातल्याच लक्ष्मीबाई संस्थेत. अंगकाठी भक्कम, उंची भरपूर. पण बोलायला गेला की शब्द अडायचे. नट होऊ पाहणाऱ्याची याहून मोठी अडचण कोणती? शरदनं ती लपवली नाही. श्वासाला वळण लावत, चिकाटीनं सराव करत त्यानं जिभेची गाठ सोडवली.

२००४ साली दूरदर्शनच्या 'आक्रोश'मधून तो छोट्या पडद्यावर आला. पुढं 'सिंदूर तेरे नाम का', 'सात फेरे', 'बैरी पिया' या मालिकांनी त्याला घरोघरी पोचवलं. २०१४ च्या 'लय भारी'त त्यानं रितेश देशमुखशी दोन हात करणारा खलनायक संग्राम रंगवला. २०१५ मध्ये तो मालिकेतला 'एजंट राघव' झाला आणि त्याच वर्षी 'बाहुबली'चा आवाजही. २०२० च्या 'तान्हाजी'त तर त्यानं छत्रपती शिवाजी महाराज साकारले. २०२५ मध्ये 'तुम से तुम तक' या मालिकेत तो पुन्हा नायक म्हणून आला. ही मालिका आपल्या मराठी 'तुला पाहते रे'वरून बेतलेली.

घरातलं एखादं मूल बोलताना अडखळतं, तेव्हा त्याचं वाक्य आपण घाईनं पुरं करून टाकतो. तसं करू नये. त्याला वेळ द्यावा, हसू नये. शब्द त्याच्याजवळ असतातच, वाट तेवढी मोकळी व्हायची असते.