बिल्ले, मेडल्स आणि आजीची चिंच

"हे भंगार कशाला सांभाळतेस?" माझी रूममेट दर सेमिस्टरला एकदा तरी हा प्रश्न विचारते. भंगार म्हणजे माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात जुन्या समारंभांची मेडल्स आणि बिल्ले आहेत. राजाराणीचे उत्सव, राज्यारोहण, शाळांचे महोत्सव, असलं सगळं. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण राणीच्या ज्युबिलीचं मेडल दिसलं की लगेच, "गुलामीची आठवण कशाला?" म्हणून हा लेख.

सुरुवात आमच्या घरातच झाली. पणजोबा मराठा पलटणीत होते. आजीच्या ट्रंकेत त्यांची दोन मेडल्स होती. एक १९३५ चं, पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं, चांदीचं. दुसरं भारतीय स्वातंत्र्याचं, १५ ऑगस्ट १९४७ असं लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वी काकांनी ठरवलं की स्वातंत्र्याचं ठेवायचं आणि राजाचं सोनाराकडे देऊन निरांजन करून आणायचं. "देवाच्या कामी तरी येईल," म्हणाले.

मला ते पटेना. खरं सांगायचं तर तेव्हा कारणही नीट सांगता येईना. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ज्युबिली म्हणजे बँड, केक आणि युनिफॉर्मवर लावलेला चकचकीत बिल्ला. त्यापलीकडे त्या शब्दाचा मी कधी विचारच केला नव्हता. मग वाचायला लागले, आणि १८९७ पाशी येऊन थांबले.

त्या वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली. लंडनच्या टांकसाळीने अधिकृत मेडल काढलं. एका बाजूला म्हातारी राणी आणि दुसऱ्या बाजूला १८३७ मधली तरुण राणी. शिवाय खासगी कारखान्यांनी स्वस्त धातूंत असंख्य मेडल्स पाडली. त्यातली काही चक्क ॲल्युमिनियमची होती! १८८६ साली हॉल-हेरॉल्ट पद्धत सापडली आणि पूर्वी महाग असलेला हा धातू एकदम आवाक्यात आला. म्हणजे आपण केमिस्ट्रीत पाठ केलेलं इलेक्ट्रोलिसिस या मेडलमध्ये हातात धरता येतं.

आणि पुण्यात तेव्हा काय चाललं होतं? प्लेग. रँडसाहेबाच्या देखरेखीखाली सोल्जर घराघरांत शिरत होते. वर दुष्काळही होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमधला, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतला, ज्युबिलीचा समारंभ आटोपून रँड आणि आयर्स्ट परत निघाले, आणि दामोदर व बाळकृष्ण चापेकरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ ला फाशी झाली.

यातलं काहीही त्या मेडलवर नाही. असणार तरी कसं? मेडल समारंभ करणाऱ्याने काढलेलं असतं. ती एका बाजूची साक्ष असते. पण साक्ष एकतर्फी आहे म्हणून कोर्ट ती फाडून टाकत नाही, दुसरी बाजू ऐकतं. माझं म्हणणं एवढंच आहे. मेडल ठेवा, आणि त्याने जे सांगितलं नाही ते शेजारी चिठ्ठीवर लिहा.

काकांना मी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांचं लाडकं स्वातंत्र्याचं मेडल. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. दुसऱ्या बाजूला अशोकचक्र, आणि त्या चक्राच्या डोक्यावर चक्क इंग्लंडच्या राजाचा मुकुट! भोवती सहाव्या जॉर्जचं नाव. कारण २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री राजा तोच होता. मग हेही वितळवायचं का? काका गप्प. पणजोबांच्या म्हातारपणीच्या फोटोत दोन्ही मेडल्स छातीवर शेजारी शेजारी आहेत. त्यांनी दोन्ही लावली. त्यातलं एक काढून टाकणारे आपण कोण? त्यांनी राजाची नोकरी केली हे खरंच आहे. लपवून ते खोटं होणार नाही.

शेवटी निरांजन रद्द झालं. पण एक नुकसान आधीच झालं होतं. आजी दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर ते मेडलही चिंच-रांगोळीने घासायची. आता त्यावरच्या राजाराणीची नाकं गायब आहेत! म्हणून मित्रांनो, घरात असं काही सापडलं तर कृपा करून घासू नका. काळपटपणा हाच त्याचा जन्मदाखला. पीव्हीसीच्या पिशवीतही ठेवू नका, धातूवर हिरवा चिकट थर येतो. साधा कोरडा कागद पुरतो.

आणि खरंखोटं ओळखायला आपल्यासारखे इंजिनिअर हवेतच की! खरं मेडल पोलादी डायमध्ये दाबून काढलेलं असतं, अक्षरांच्या कडा धारदार. नकली ओतीव असतं. त्यावर बारीक छिद्रं दिसतात आणि कडेला कानस फिरवल्याच्या खुणा. धातूचा संशय आला तर रिबन काढून आधी हवेत आणि मग पाण्यात वजन करा. आर्किमिडीजने बाकीचं सांगितलंच आहे. आमच्या मेडलची घनता १०.३ च्या आसपास आली, म्हणजे चांदीच. कथलाची असती तर ७.३ च्या जवळपास आली असती. फिजिक्स लॅबचा इतका चांगला उपयोग मी आधी कधीच केला नव्हता.

आता जरा आपल्याकडे बघा. गॅदरिंगला आपल्यालाही बिल्ले मिळतात. दुसऱ्या दिवशी ते मेसच्या कचऱ्यात असतात. यंदा एक तरी ठेवा. मागे चिठ्ठी लावा: वर्ष कोणतं, वर्गणी किती, आणि फी भरली नाही म्हणून त्या रात्री कोण रूमवरच बसून होतं. बिल्ल्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं.

माझा डबा पलंगाखाली आहे. बघायला जरूर या. फक्त येताना चिंच आणू नका!